माडावरच्या पांढऱ्या माशीला कोण आवरतं?

गेली काही वर्षं कोकणातल्या बागायतदारांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: माड काळे पडताहेत. आधी झावळ्यांच्या खालच्या अंगाला पांढरी पूड दिसू लागते. मग माडाखालची केळ, जायफळ, मिरीचा वेल, अगदी अंगणातली तुळससुद्धा हाताला चिकट लागते. थोड्याच दिवसांत त्या चिकटपणावर काळी बुरशी चढते. बाणवली जातीचे चाळीस-पन्नास फुटी माड असे काळवंडलेले पाहिले की कुणाचाही जीव कळवळतो आणि पहिला विचार येतो तो फवारणीचा.

कृषी शास्त्रज्ञ मात्र सांगतात, रासायनिक कीटकनाशक मारू नका, थांबा. बऱ्याच जणांना ही टाळाटाळ वाटते. 'आमची वाडी जातेय आणि हे थांबा म्हणतात' हा राग रास्तच आहे, कारण थांबायचं का, हे नीट समजावून कुणी सांगत नाही. या सल्ल्यामागे शंभराहून जास्त वर्षांचा अनुभव आहे. त्यात मोठी यशं आहेत आणि अंगावर काटा आणणाऱ्या चुकाही आहेत.

शत्रू मागे राहिला, म्हणून कीड माजली

या किडीला रुगोज चक्राकार पांढरी माशी म्हणतात. मादी पानाच्या खाली गोल गोल फिरत अंडी घालते आणि त्यावर मेणाची पांढरी पूड सोडते, म्हणून चक्राकार. नावात माशी असली तरी ती मावा-तुडतुड्यांच्या गोतावळ्यातली, पानातला रस शोषणारी कीड आहे. शोषलेल्या रसातली जास्तीची साखर ती चिकट थेंबांच्या रूपात खाली टाकते. काळी बुरशी वाढते ती या साखरेवर. बुरशी पानात शिरत नाही, वरच्या वर राहते, पण पानाचा उजेड अडवते.

ही माशी मूळची मध्य अमेरिकेतली. शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली तीच मुळी २००४ साली, कारण तोवर तिने लक्ष जावं असं काही केलंच नव्हतं. २००९ मध्ये ती अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोचली आणि तिथे तिने धुमाकूळ घातला. २०१६ मध्ये ती तमिळनाडूतल्या पोल्लाचीत सापडली. तिथून केरळ, कर्नाटक, गोवा करत आपल्या किनाऱ्यावर आली.

स्वतःच्या मुलखात कुणाच्या खिजगणतीत नसलेली कीड परमुलखात येऊन एवढी कशी वाढते? ती रोपाबरोबर जहाजातून, विमानातून, ट्रकमधून येते, पण तिला खाणारे, तिच्या अंगात अंडी घालणारे, तिला रोग लावणारे जीव बहुतेक वेळा तिच्याबरोबर येत नाहीत. इथल्या भक्षकांना ती ओळखीची नसते. खायला मुबलक आणि खाणारं कुणी नाही, अशी स्थिती तिला मिळते. अशा बाहेरून येऊन माजणाऱ्या जीवांना आक्रमक परकी प्रजाती म्हणतात. आपल्या डोंगरउतारांवरची रानमोडी, कुंपणाची घाणेरी, तळ्यातली जलपर्णी या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या.

शत्रू मागे राहिल्यामुळे कीड वाढली असेल, तर तो शत्रू शोधून इथे आणावा. जैविक नियंत्रणाची मूळ कल्पना एवढीच आहे.

पान उलटून पाहा

माशीच्या बाबतीत आपलं नशीब जरा बरं होतं. तिच्याच जातकुळीतली दुसरी एक चक्राकार माशी नव्वदच्या दशकातच भारतात आली होती, आणि तिच्या मागोमाग एन्कार्शिया ग्वाडेलूपी नावाची चिमुकली गांधीलमाशीही लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर सापडली होती. ती एक मिलिमीटरहूनही लहान. तिच्या नांगीचं आपल्याला काही भय नाही. नवी रुगोज माशी आल्यावर या गांधीलमाशीने तिचाही माग काढला.

ती पांढऱ्या माशीच्या पिल्लाच्या अंगात अंडं घालते. अंड्यातली अळी त्या पिल्लाला आतून खात मोठी होते. यजमानाला मारूनच ज्याची वाढ पुरी होते, अशा कीटकाला परोपजीवी म्हणतात. भक्षक, म्हणजे ढालकिडा किंवा कोळी, आयुष्यात शेकडो किडे खातो. परोपजीवीच्या अळीला एकच पुरतो. पण मादी एकामागून एक पिल्लं शोधत जाते, आणि तिचा शोध फार बारकाईचा असतो.

तुमच्या वाडीत ती आहे की नाही, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. हाताला येणाऱ्या झावळीचं एक पातं तोडा, उलटं करा, पांढरी पूड हलकेच फुंकरीने उडवा आणि भिंगातून पाहा. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा करा. पानाला चिकटलेली फिकट पिवळसर, चपटी पिल्लं दिसतील. ती निरोगी, म्हणजे आपल्या दृष्टीने वाईट. त्यांच्यात काही काळी पडलेली असतील. त्यांच्या आत गांधीलमाशी वाढते आहे. रिकामी कवचंही दिसतील, ती नीट बघा. पाठीवर इंग्रजी 'टी'च्या आकाराची चीर असेल तर त्यातून पांढरी माशी बाहेर पडली. वाटोळं, स्वच्छ कातरलेलं भोक असेल तर गांधीलमाशी. पाच-सहा पाती अशी बघितली की तुमच्या माडावर कोण जिंकतंय, याचा अंदाज येतो.

दहातली पाच-सहा पिल्लं काळी दिसत असतील, तर पंप खाली ठेवा.

मग एवढा वेळ का लागतो?

कातळावरच्या विहिरीचं पाणी आठवा. मृगाच्या पहिल्या सरींनी विहीर भरत नाही. आधी जमीन पाणी पिते आणि विहिरीला खरा चढ येतो तो आषाढात. पाऊस सरल्यावरही ती लगेच आटत नाही. मित्रकीटकांची संख्या अशीच किडीच्या मागून चढते आणि मागून उतरते. आधी पांढरी माशी भरपूर व्हायला हवी, तरच गांधीलमाशीला पिल्लं वाढवायला जागा मिळते. म्हणून सगळ्यात वाईट दिसणारा काळ हा पुष्कळदा उतार सुरू होण्याच्या आधीचा असतो, आणि नेमकं तेव्हाच माणसाचा धीर सुटतो.

त्या वेळी जहाल औषध मारलं तर? पांढऱ्या माशीची पिल्लं पानाखाली मेणाच्या पुडीत असतात, त्यातली बरीच वाचतात. उघड्यावर हिंडणारी गांधीलमाशी मात्र मरते. वाचलेल्या माशा पुन्हा वाढतात, आता मोकळ्या रानात. गांधीलमाशीला परत यायचं तर आधी पांढरी माशी वाढायला हवी, म्हणजे ती पुन्हा मागेच. शिवाय पन्नास फुटांवरच्या झावळीच्या खालच्या अंगाला औषध पोचतं तरी किती, आणि त्यातलं विहिरीत, जनावरांच्या वैरणीवर, मधमाश्यांवर किती पडतं, हा प्रश्न वेगळाच.

हे नुसतं तर्काने बोलत नाही. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी इंडोनेशियाला असाच धडा दिला. फवारणी वाढत गेली तसे कोळी आणि इतर भक्षक मेले, आणि तुडतुडे उलट वाढले. शेवटी १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली.

आणखी एक गोष्ट स्वीकारावी लागते. मित्रकीटक किडीचा समूळ नायनाट करत नाहीत. पांढरी माशी शून्यावर आली तर गांधीलमाशीही उपाशी मरेल, आणि पुढच्या वेळी माशी आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थोडी कीड वाडीत राहणार, आणि ती राहिलेलीच बरी. या माशीने माड मरत नाही. हे वाक्य मला प्रत्येक नारळ बागायतदारापर्यंत पोचवावंसं वाटतं, कारण घाबरून केलेल्या फवारणीचं मूळ माड मरण्याच्या भीतीत आहे.

खाणारेच नव्हे, जागा अडवणारेही

शत्रू म्हणजे खाणाराच असला पाहिजे असं नाही. तेच अन्न, तीच जागा, तोच उजेड मागणारा स्पर्धकही एखाद्याला हटवू शकतो.

गाजरगवताचं उदाहरण घ्या. पावसाच्या सुरुवातीला त्याच जागी टाकळा दाट उगवला तर गाजरगवताच्या रोपांना उजेड मिळत नाही आणि ती खुरटतात. महाराष्ट्र-कर्नाटकात रस्त्याकडेला, पडीक जमिनीत मुद्दाम टाकळ्याचं बी फेकण्याचा सल्ला याच कारणाने देतात. आपल्याकडे पहिल्या पावसात कोवळा टाकळा भाजीला खुडतात. बांधावरचा थोडा तसाच वाढू द्यायला हरकत नाही. मर्यादा एवढीच, की टाकळा पावसाळी. तो वाळला की हिवाळ्यात गाजरगवताला पुन्हा संधी मिळते.

मातीतही हेच चालतं. मिरीच्या वेलाला मर लागते ती मुळाशी शिरणाऱ्या एका रोगकारक जीवामुळे. शेणखतातून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मुळाशी घातली तर ती मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधी बळकावते, आणि रोगकारक बुरशींच्या तंतूंना विळखा घालून त्यांना खातेही. मात्र ती रोग लागायच्या आधी घालावी लागते. वेल पिवळा पडल्यावर घालून उपयोग होत नाही, आणि 'ट्रायकोडर्माने काही झालं नाही' अशी तक्रार पुष्कळदा तिथूनच येते.

स्पर्धा नेहमी आपल्या बाजूने असते असंही नाही. २०१८ च्या सुमारास केरळात आणखी एक परकी पांढरी माशी माडावर सापडली, मेणाचं छोटं घरटं करून राहणारी. तिने काही बागांमध्ये रुगोज माशीला मागे सारलं. ऐकायला बरं वाटतं, पण एन्कार्शिया तिच्या वाटेला जात नाही. म्हणजे ओळखीचा शत्रू असलेली कीड गेली आणि शत्रू नसलेली बसली. तिथे क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकासारख्या, दोन्ही माश्यांची पिल्लं खाणाऱ्या भक्षकांवर भिस्त ठेवावी लागते.

'बाहेरून जीव आणले तर तेच डोईजड होणार नाहीत का?'

हा आक्षेप अगदी खरा आहे, आणि याची सर्वांत बोलकी गोष्ट आपल्याच देशातून सुरू होते. १८७२ मध्ये कोलकात्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली गेली, उसाच्या मळ्यातले उंदीर मारायला. सुरुवातीला उंदीर कमी झालेही. पण मुंगूस दिवसा हिंडणारं, उंदीर रात्रीचे. मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, कोंबड्या, जे मिळेल ते खाल्लं. तरीही १८८३ मध्ये जमैकाहून मुंगसं हवाईत नेली, आणि तिथेही तेच झालं.

गोगलगायींची गोष्ट याहून वाईट. पावसाळ्यात भाजीपाला आणि रोपं फस्त करणारी मोठी आफ्रिकन गोगलगाय आपल्याकडे आता सगळ्यांच्या परिचयाची आहे. भारतात ती १८४७ साली कोलकात्यात पहिल्यांदा सोडली गेली. पॅसिफिक बेटांवर तिला आवरायला फ्लोरिडातली शिकारी गोगलगाय आणली: हवाईत १९५५ मध्ये, मूरिया बेटावर १९७७ मध्ये. तिने आफ्रिकन गोगलगायी सोडून तिथल्या झाडांवर राहणाऱ्या चिमुकल्या स्थानिक गोगलगायी खाल्ल्या. जगात इतर कुठेही नसलेल्या त्या जाती मूरियाच्या रानातून दहा वर्षांत संपल्या. डासांच्या अळ्या खायला १९२८ मध्ये भारतात आणलेला गॅम्बुसिया मासाही स्थानिक माशांची अंडी आणि पिल्लं खातो. विहिरीतली गोष्ट वेगळी, पण ओढ्यात, नदीत तो कुणीही सोडू नये.

या तिन्ही चुकांत एकच दोष आहे. जो जीव आणला तो काहीही खाणारा होता. मुंगसाला उंदरावाचून अडत नाही. एन्कार्शियाला पांढऱ्या माश्यांवाचून अडतं. तिची पिल्लं दुसरीकडे वाढूच शकत नाहीत. जैविक नियंत्रणात जो चोखंदळ तोच विश्वासाचा.

चोखंदळपणा किती कामाला येतो, याचाही दाखला आपल्याकडेच आहे. १७९५ मध्ये किरमिजी रंग देणारा किडा म्हणून ब्राझीलहून निवडुंगावरचा एक किडा भारतात आणला. रंगाच्या कामाचा तो नव्हताच, जात भलतीच निघाली. पण देशभर माजलेल्या एका फड्या निवडुंगाचा त्याने फडशा पाडला आणि दुसऱ्या पिकाला तोंड लावलं नाही. पुढे १९२६ मध्ये दुसऱ्या जातीच्या निवडुंगासाठी त्याचाच भाऊबंद श्रीलंकेहून मुद्दाम आणला.

आज असा जीव कुणालाही परस्पर आणता येत नाही. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना लागतो, आणि बंदिस्त प्रयोगशाळेत तो इथल्या पिकांना, मधमाश्यांना, इतर मित्रकीटकांना धोका नाही ना, हे तपासावं लागतं. पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं काम असंच झालं. २००८ मध्ये तो कोइमतूरला आढळला. त्याचे परोपजीवी २०१० मध्ये पोर्टो रिकोहून बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने आणले, तपासले, वाढवले आणि सोडले. थोड्याच काळात पपईच्या बागा सावरल्या.

तपासणी होऊनही वाद होतात. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ पासून सोडला गेला आणि काही वर्षांनी तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला. केवढा गदारोळ झाला! चौकशी झाली, आणि त्या भुंग्यापासून सूर्यफुलाच्या पिकाला खरा धोका नाही असा निष्कर्ष निघाला. असा गदारोळ होतो ते मला बरंच वाटतं. एकदा सोडलेला जीव परत गोळा करता येत नाही.

'मग रानमोडी, घाणेरी अजून कशी उभी?'

कारण हा उपाय सगळीकडे चालत नाही. घाणेरीवर १९४१ मध्ये आणलेला किडा पानं खराब करतो, पण झुडूप पुन्हा फुटतं. जलपर्णीवरचे सोंडे काही तळ्यांत छान काम करतात. जिथे सांडपाण्यामुळे जलपर्णीला खतच खत मिळतं, तिथे त्यांचं खाणं तिच्या वाढीला पुरं पडत नाही. दर हंगामात नांगरल्या जाणाऱ्या शेतात मित्रकीटकांना बस्तान बसवायला वेळ मिळत नाही, तिथे ट्रायकोकार्डसारखे, म्हणजे मित्रकीटक असलेली कार्डं पिकाला लावण्याचे, उपाय दर वेळी नव्याने करावे लागतात.

कोकणच्या वाडीला मात्र हे सगळ्यांत जास्त लागू पडतं, असं माझं ठाम मत आहे. माड, पोफळ, आंबा, काजू वर्षानुवर्षं जागेवर उभे. मित्रकीटकाला अन्न आणि आसरा बारा महिने मिळतो. काजूवरचा ढेकण्या मोहोर जाळतो, आणि पानं शिवून घरटी करणाऱ्या ओंबील मुंग्या त्याला झाडावर टिकू देत नाहीत. अशाच मुंग्यांची घरटी संत्र्याच्या बागेत टांगण्याची नोंद चीनमध्ये सतराशे वर्षांपूर्वीची आहे. ओंबील चावतात, काढणीला त्रास होतो, आणि काही रसशोषक किडींना त्या उलट सांभाळतात, हेही खरं. तरी घरटं दिसलं की पेटवायचं, ही आपली सवय सोडायला हवी.

'वानर-माकडांवर असं काही का नाही?'

सभांमधून हा प्रश्न हटकून येतो. वानर इथलेच आहेत, त्यांचा शत्रू बिबट्याही इथलाच. बिबटे वाढवले तर ते वानराऐवजी वाडीतली कुत्री आणि वासरं उचलतील, कारण तोही काहीही खाणारा. वानरांचा प्रश्न खरा आणि जीवघेणा आहे, पण त्याचं उत्तर या शास्त्रात नाही. नारळ कुरतडणाऱ्या उंदरांवर मात्र इथलेच शिकारी आहेत: धामण आणि गव्हाणी घुबड. त्यांना कुठून आणायचं नाही, फक्त मारायचं नाही.

वाडीत करायचं काय

पांढऱ्या माशीसाठी आधी पाती उलटून काळी पिल्लं शोधा. तुमच्याकडे नसतील आणि शेजारच्या वाडीत असतील तर तशा पात्यांचे तुकडे आणून आपल्या माडाच्या खालच्या झावळ्यांना टाचा. गांधीलमाश्या बाहेर पडून पसरतात. काळी बुरशी घालवायला एक टक्का स्टार्चचं पाणी फवारतात, ते वाळलं की बुरशीचे पापुद्रे सुटून पडतात. रोपांवर आणि लहान माडांवर जोराच्या पाण्यानेही काम होतं. पावसाळ्याच्या सरी माशीला धुऊन काढतात, ती पुन्हा वाढते कोरड्या महिन्यांत, तेव्हा पाहणी दिवाळीनंतर सुरू करावी. गांधीलमाशीचा पत्ताच नसेल आणि माशी फार असेल, तर अर्धा टक्का कडुनिंबाचं तेल हा पहिला पर्याय.

माडाचा कोंब पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याचं वेगळं. तो वाढतो माडावर नव्हे, तर गायरीत आणि कुजलेल्या खोडांत. शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम ही बुरशी मिसळली की त्याच्या अळ्या कडक होऊन मरतात आणि पुढे हिरव्या पडतात. असा हिरवा हुमणा हाताला लागला तर फेकू नका, खड्ड्यातच राहू द्या. त्याच्या अंगावरचे बीजाणू पुढच्या अळ्यांना लागतात.

आणि नवीन रोप घेताना पान उलटून पाहा. केळ, पेरू, सीताफळ, शोभेची झाडं या सगळ्यांवर ही माशी बसते आणि एका गावातून दुसऱ्या गावात ती जास्त करून रोपांबरोबरच जाते. पानाखाली पांढरी वेटोळी दिसली तर ते रोप रोपवाटिकेतच ठेवा, आणि रोपवाल्यालाही दाखवा.